खाडीत गरवायला लाईन कुठली भरायची? माशाचं वजन नंतर, आधी तळ बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की रत्नागिरीत भाट्याच्या खाडीत आणि मिऱ्याच्या बाजूला दगडांवरून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, सुरुवात केलीयस, ७ फुटी स्पिनिंग रॉड आणि ४००० साईझची रीळ घेतलीयस. दुकानदार म्हणतो ५० एलबी (पाउंड ताकदीची) ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाईन भर, काही तुटायचं नाही. गावातले काका म्हणतात तंगूसच बरी. आणि व्हिडिओत जो तो फ्लोरोकार्बन घ्या म्हणून सांगतोय. तर नक्की भरायचं काय आणि पैसे कशात घालायचे.

मी वीसेक वर्षं रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांमधून गळ टाकतोय, मध्ये मध्ये मालवण आणि गोव्याला मांडवी-शापोऱ्याला पण जाणं होतं, त्यातून जे समजलंय ते सांगतो. लांब होईल, पण लाईन हा विषय दोन ओळीत सांगितला की माणूस चुकीचीच लाईन घेऊन येतो.

पहिलं म्हणजे "कितीचा मासा लागेल" यावरून लाईन ठरवू नकोस. सगळे तिथेच चुकतात. ५ किलोचा मासा म्हणजे ५ किलोची लाईन, आणि सेफ्टीसाठी दुप्पट, असा हिशोब करतात. उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर, खाली काही अडकायला नाही अशा ठिकाणी, १० एलबीच्या लाईनवर, म्हणजे साधारण साडेचार किलो ताकदीच्या, ६-७ किलोचा मासा आरामात निघतो, फक्त वेळ लागतो आणि रिळीवर लाईन पुरेशी पाहिजे. आणि तेवढाच जिताडा मासा पुलाच्या खांबाजवळ लागला तर ३० एलबीसुद्धा कमी पडते कारण तो पहिल्या चार-पाच सेकंदात सरळ खांबावरच्या कालवांमध्ये घुसतो. कालवाची कड म्हणजे ब्लेड आहे. ज्यांचे पाय कापलेत त्यांना सांगायला नको. तेव्हा प्रश्न असा विचारायचा की मासा लागल्यावर पळणार कुठे, आणि तिथे लाईन कशाला घासणार. तांबोशी तर याबाबतीत जिताड्यापेक्षा वाईट, दीड किलोची तांबोशी बिळातून बाहेर येऊन आमिष उचलते आणि तोंड फिरवून परत बिळात, तुला कळेपर्यंत ती आत असते. गोब्रा पण तसाच, दगडाच्या कपारीत शिरून कल्ले फुगवून बसला की ओढून निघत नाही.

आता काकांच्या तंगूसबद्दल. त्यांना हसू नकोस. तंगूस म्हणजे नायलॉनची मोनोफिलामेंट, अखंड एकच धागा. ती ताणली जाते, तुटायच्या आधी वीस-पंचवीस टक्के तरी लांब होते, म्हणजे रबरासारखं काम करते, माशाने अचानक झटका मारला तर तो झटका लाईन खाऊन टाकते. काका होडीतून हातात दोरी धरून गरवतात, त्यांच्याकडे रॉडचा वाक नाही आणि रिळीचा ड्रॅग (जास्त ताण आला की लाईन सोडणारा ब्रेक) नाही, त्यामुळे तो ताणच त्यांचा ड्रॅग आहे. शिवाय जाड तंगूस हाताला कापत नाही. हातगरीला ब्रेडेड वापरून बघ एकदा, म्हणजे नको बघूस, बोटं कापून निघतील. दगडाला घासण्याच्या बाबतीतही एका जाडीची मोनो एका जाडीच्या ब्रेडेडपेक्षा जास्त टिकते. आणि स्वस्त. किनाऱ्यावरून शिसं लावून शिंगाळा, खडक पालू, मुडदुशी असं तळाचं गरवायचं असेल, किंवा तरंगता फ्लोट लावून बोय, तर १२ ते १५ एलबीची चांगली मोनो आजही पुरते, त्यासाठी ब्रेडेड घ्यायची काही गरज नाही.

पण मोनोच्या तीन गोष्टी खाडीत त्रास देतात. एक, ती पाणी पिते आणि भिजल्यावर कोरड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के तरी कमजोर होते. दोन, ऊन खाते, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली रीळ मी तरी परत वापरत नाही, हात लावला की खरखरीत आणि चिकटसर लागते. तीन, जाडी. २० एलबीची मोनो साधारण ०.४० मिलिमीटर येते आणि तेवढ्याच ताकदीची ब्रेडेड त्याच्या निम्म्या जाडीत बसते. पाण्याचा ओढा लाईनला ढकलतो तो जाडीच्या हिशोबात, म्हणजे दुप्पट जाड लाईनला जवळजवळ दुप्पट ओढा. मुंबई-रायगडकडे उधाणाला चार मीटरच्या वर पाणी चढतं-उतरतं, धरमतरला किंवा रेवदंड्याला पाणी जोरात सुकत असताना, म्हणजे ओहोटीला, जाड मोनोला तू ६० ग्रॅमचं शिसं लाव तरी ते तळाशी बसत नाही, वाहत किनाऱ्याला येतं. बारीक ब्रेडेडला ३०-४० ग्रॅमवर काम होतं. मालवण-गोव्याकडे भरती-ओहोटीचा फरक निम्म्याच्या आसपास असतो, तिथे हा त्रास कमी, आणि भांगाच्या दिवसात, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, तर कुठेच फार जाणवत नाही.

ब्रेडेड म्हणजे पॉलिथिलीनचे बारीक धागे विणून केलेली, डायनीमा किंवा स्पेक्ट्रा ही त्याच धाग्याची कंपन्यांनी दिलेली नावं. ताण जवळजवळ नाहीच, तीन-चार टक्के. त्यामुळे ४० मीटरवर कोळंबीला कुणी टोचलं तरी बोटाला कळतं, लूअर (खोटं आमिष) जशी हलवशील तशी हलते, आणि गळ बसवताना झटका पूर्ण पोचतो. लांब पण जाते. तुझ्याकडे स्पिनिंग रॉड आहे आणि तू लूअर टाकणार आहेस, तर मेन लाईन ब्रेडेडच भर, यात मला शंका नाही.

फक्त ५० एलबी नको. तुझ्या रॉडवर लिहिलेलं वाच, त्या लांबीच्या बहुतेक रॉडवर १० ते २० किंवा १५ ते ३० एलबी असं काहीतरी असेल. ५० भरलीस तर आधी लाईन जाड, लांब जाणार नाही, रिळीवर कमी मावणार, आणि खाली दगडात अडकली की तू जोर लावशील तेव्हा रॉड मोडेल पण लाईन तुटणार नाही. माझ्या डोळ्यासमोर जेटीवर असे दोन रॉड गेलेत.

जपानी लाईनवर पीई नंबर असतो तो नीट समजून घे कारण तो जाडीचा आकडा आहे, ताकदीचा नाही. पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिमी, पीई १.५ म्हणजे ०.२०५, पीई २ म्हणजे ०.२३५ आणि पीई ३ म्हणजे ०.२८५ च्या आसपास. ताकद कंपनीप्रमाणे बदलते, पण पीई १.५ ची बरी लाईन २०-३० एलबीच्या मध्ये कुठेतरी येते. तुझ्या ४००० रिळीला पीई १.५ किंवा फार तर २, दीडशे ते दोनशे मीटर, हे मी डोळे मिटून सांगेन. वाळूवर आणि उघड्या खाडीत १.५, खांब-दगड-कांदळवनाच्या मुळांजवळ २.

इथे फसवणुकीचं पण सांगून ठेवतो. ऑनलाईन ५०० मीटर ब्रेडेड तीनशे रुपयात मिळते आणि वर लिहिलेलं असतं "०.२० मिमी, ८० एलबी". असं होत नाही. त्या जाडीत तेवढी ताकद या धाग्यात नाहीच, म्हणजे एकतर जाडी खोटी किंवा ताकद खोटी, आणि बऱ्याच वेळा दोन्ही. मी पण एकदा अशी घेतलेली, घरी सामान मोजायच्या डिजिटल काट्याला बांधून ओढली तर लेबलच्या निम्म्यावर तुटली, आणि जाडी म्हणशील तर सुतळीकडे झुकलेली. तो काटा मात्र घे, दोनशे रुपयात येतो, लाईन, गाठ आणि ड्रॅग तिन्ही त्याच्यावर तपासता येतात.

चार धाग्यांची की आठ धाग्यांची हा पण प्रश्न येईल. आठची गुळगुळीत, आवाज कमी, लांब जाते. चारची थोडी खरखरीत पण त्याच जाडीत तिचा एकेक धागा जाड असतो म्हणून घासलं तर थोडं जास्त सहन करते, आणि स्वस्त. दगडांवरून गरवणाऱ्या नवीन माणसाला मी चारची सांगतो. रंगाचा फार विचार करू नको, आपल्या खाडीचं पाणी वर्षातले सहा-सात महिने चहासारखं असतं. पिवळी किंवा फिकट हिरवी घे म्हणजे संध्याकाळी तुला स्वतःला दिसेल, माशाच्या तोंडाजवळ तर लीडर, म्हणजे मेन लाईनच्या टोकाला जोडलेला वेगळ्या लाईनचा तुकडा, असणार आहे.

आणि आता लीडर. मला खरं बोलायचंय ते इथेच. माझं ऐकशील तर मेन लाईनवर पाचशे रुपये कमी घाल आणि ते शेवटच्या दीड मीटरवर घाल.

एकदा रेवदंड्याला पुलाजवळ, सुकतीच्या शेवटी, जिवंत कोळंबीवर मोठा जिताडा लागला. मेन लाईन ३० एलबी ब्रेडेड, नवी कोरी, आणि लीडर मात्र २० चा, कारण मला वाटलेलं की बारीक लीडरला जास्त मासे उचलतात. पहिली धाव खांबाकडे गेलीच नाही, उघड्या पाण्यात गेली, नशीब म्हणायचं. दोनदा उडाला, तोंड उघडून डोकं झटकताना स्पष्ट दिसला, मी आणि माझा मित्र दोघेही मनात त्याचं वजन करून मोकळे. दहाएक मिनिटांनी अगदी जवळ आल्यावर काही झटका नाही काही नाही, लाईन एकदम ढिली. लीडर ओढून पाहिला तर गळाच्या वर चार बोटं तो कापलेला नव्हता, झिजलेला होता, सँडपेपरने घासल्यासारखा पांढरा, चपटा. ब्रेडेडला खरचटलं पण नव्हतं. जिताड्याचं तोंड आतून तसंच खरखरीत असतं, आणि कल्ल्याच्या झाकणाची कड चाकूसारखी. मासा जितका जास्त वेळ लाईनवर तितका लीडर झिजत जातो. त्या रात्रीपासून मोठ्या जिताड्याला मी ४० च्या खाली लीडर बांधला नाही, आणि खरं सांगतो, त्यामुळे लागणारे मासे कमी झाले असं मला एकदाही वाटलं नाही.

तर लीडर कशाचा? फ्लोरोकार्बन की जाड तंगूस? फ्लोरोकार्बन लाईन जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ साली आणली, सीगार नावाने ती आजही मिळते. धागा वेगळाच आहे, पाण्याच्या पावणेदोन पट जड, म्हणून लवकर बुडतो, पाणी पीत नाही, ऊन सोसतो, आणि वरून कडक असल्याने घासलं तरी जास्त टिकतो. "पाण्यात दिसत नाही" हे मात्र अर्धंच खरं. प्रकाश वाकवण्याचा जो आकडा असतो तो पाण्याचा १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्या वर. म्हणजे नायलॉनपेक्षा कमी दिसतो, अदृश्य होत नाही, आणि ४० एलबीचा जाड फ्लोरो स्वच्छ पाण्यात तुला वरून पण दिसेल. मालवणला डिसेंबर-जानेवारीत तळ दिसतो अशा पाण्यात ट्रेवलीसाठी फरक पडतो, तिथे मी फ्लोरोच बांधतो. धरमतरच्या गढूळ पाण्यात फरक पडतो तो दिसण्याचा नाही, घासण्याचा. त्यामुळे बजेट नसेल तर ४० एलबीची चांगली नायलॉन लीडर म्हणून बांध, काही बिघडत नाही, दोन-तीन माशांनंतर बदल म्हणजे झालं. वरच्या पाण्यावर चालणाऱ्या लूअरना, पॉपर वगैरे, मी तर मुद्दाम नायलॉनच लावतो कारण फ्लोरो बुडून लूअरचं नाक खाली ओढतो.

लीडरचे आकडे हवे असतील तर माझे असे आहेत. उघडी वाळू, मुडदुशी-पालू, १२ ते १५ एलबी. मोकळ्या खाडीत रावस, मध्यम जिताडा, २५-३०. खांब, जेटी, कालवं, तांबोशी-गोब्रा, ४० ते ५०, आणि ५० च्या पुढे लूअरची हालचाल मरते म्हणून सहसा जात नाही. लांबी रॉडपेक्षा थोडी कमी, दीड मीटर, म्हणजे जोड गाईडमध्ये (रॉडवरच्या कड्यांमध्ये) खटखट करत नाही.

बॅराकुडा, टोळ, सुरमई असे दात असलेले मासे वेगळे. तिथे ५० चा लीडर पण कात्रीने कापल्यासारखा जातो, म्हणून शेवटी एक वीतभर बारीक वायर लावावी लागते. पण कायम वायर लावून फिरू नकोस, जिताडा आणि ट्रेवली वायरला बिचकतात हा माझा अनुभव आहे. दोन लूअर स्वच्छ कापून गेल्या की मग लाव.

तू मिऱ्याकडून लांब फेकायला ८०-९० ग्रॅमचं शिसं वापरणार असशील तर हे नीट वाच. फेकताना जोर येतो तो माशापेक्षा जास्त असतो आणि बारीक लाईन त्या झटक्यात तुटली की शिसं बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं, आजूबाजूला माणसं असतात, पोरं असतात. जुना नियम आहे, दर २८ ग्रॅमला १० एलबीचा शॉक लीडर, म्हणजे फेकण्याचा झटका सोसणारा जाड लीडर. म्हणजे ८५ ग्रॅमला ३० एलबी, आणि तो इतका लांब की फेकायच्या वेळी स्पूलवर (रिळीच्या लाईन गुंडाळायच्या चक्रीवर) त्याचे चार-पाच वेढे राहिले पाहिजेत. यात पैसे वाचवू नकोस.

गाठ. ब्रेडेडला लीडर जोडायला एफजी नॉट शिक. यात ब्रेडेड लीडरभोवती दोन्ही बाजूंनी आडवी-आडवी विणत जाते, लीडरची स्वतःची गाठ पडतच नाही, म्हणून जोड बारीक राहतो आणि गाईडमधून सुळकन जातो. जितकी ओढशील तितकी ती आवळते. पहिले दहा-बारा वेळा घसरेल, घरी पंख्याखाली बसून कर, त्याच काट्याला लावून ओढ, ब्रेडेडचा रंग किंचित गडद झाला की बसली समज. रात्री, वाऱ्यात, होडी हलत असताना एफजी जमत नसेल तर डबल युनी बांध, ब्रेडेडच्या बाजूने सात-आठ वेढे आणि लीडरच्या बाजूने चार. थोडी जाड होते, ताकद पण कमी, तरी अर्धवट बांधलेल्या एफजीपेक्षा बरी. कुठलीही गाठ आवळायच्या आधी थुंकी लावून ओली कर, फ्लोरोला तर नक्कीच, कोरडी आवळली की गरम होऊन तिथेच कमजोर पडते.

स्पूल भरताना ब्रेडेड थेट स्पूलला बांधू नको, ती स्पूलवर गोल फिरते आणि तुला वाटतं ड्रॅग गेला. खाली आठ-दहा मीटर तंगूस भर मग ब्रेडेड. ओल्या फडक्यात धरून ताणून भर, ढिली भरलीस तर पहिल्याच दिवशी घरटं होईल. कडेपासून दोन मिलिमीटर जागा सोड. फेकल्यावर बेल (रिळीवरची उघडझाप होणारी तार) हाताने बंद कर आणि ढिली लाईन बोटाने ताणून घे, निम्मी गुंतागुंत तिथेच थांबते.

ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव हिश्शाला लाव. २० एलबी म्हणजे ९ किलो, तर काट्यावर सव्वादोन-अडीच किलोला लाईन सुटायला लागली पाहिजे. खांबाजवळ मी तिसऱ्या हिश्शापर्यंत नेतो, त्याच्या वर नाही, कारण ब्रेडेडला ताण नाही आणि झटका सरळ गाठीवर नाहीतर माशाच्या ओठावर जातो.

आणि सवय म्हणून प्रत्येक माशानंतर, प्रत्येक अडकल्यानंतर लीडरचा शेवटचा हातभर भाग दोन बोटांतून फिरव. जरा खरखर लागली की काप, परत बांध. कंटाळा येतो मान्य आहे, मासे उचलत असताना तर फार येतो. गाईडच्या आतल्या रिंगमधून महिन्यातून एकदा कापसाचा बोळा फिरव, कुठे तंतू अडकला तर तिथे रिंगला चीर आहे आणि तुझी महागाची ब्रेडेड तिथेच कुरतडली जातेय. घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलक्या धारेत धू, मीठ धाग्यात सुकलं की आतून घासतं. वर्षभराने ब्रेडेड उलटी भर, खालची न वापरलेली बाजू वर येते, अजून एक सीझन निघतो.

कापलेले तुकडे खिशात घालून घरी आण. कांदळवनात अडकलेल्या तंगूसमध्ये पाय गुंतून मेलेला बगळा मी स्वतः सोडवलाय, एक नाही. आणि मोठा जिताडा लागला तर जमल्यास सोड. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे जवळजवळ सगळे अंड्याचे. मजबूत लीडर असला की मासा लवकर बाहेर येतो, दमून अर्धमेला होत नाही, आणि सोडल्यावर जगतो.

तर तुझ्यासाठी, पीई १.५ ची चार धाग्यांची दीडशे मीटर, खाली थोडी तंगूस, आणि लीडरच्या दोन छोट्या रिळी, २५ ची आणि ४० ची. भाट्याला पुलाच्या खांबांकडे जाशील तेव्हा गाडीवरून उतरल्या उतरल्या, उजेड असतानाच ४० चा बांधून घे. काळोखात, पाणी सुकायला लागल्यावर आणि जिताडे समोर फुटत असताना कोणालाच नीट गाठ मारता येत नाही, मला तर अजून येत नाही.